टाचांचा रोल

...आणि वर मलाच विचारतात, कलप लावायची गरज काय होती! अहो, गरज? तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं ऑफिसच्या नाट्यस्पर्धेत घासलेला माणूस मी, गिरगाव सोडून काशीमीऱ्याजवळच्या बेव्हर्ली पार्कला राहायला आलो तेव्हा टेम्पोत भांड्यांच्या आधी ट्रॉफ्या चढवल्या, आणि त्र्याण्णव साली पहिल्यांदा, पहिल्यांदा हो, सिनेमा चालून आला! पैसा अर्धा फ्रान्सचा, अर्धा जर्मनीचा, गोष्ट मात्र आपली, शाळेत जिचा धडा होता ती जुनी छोटी कादंबरी, म्हातारा नावाडी मुलाची वाट बघत बघत मरतो ती. नावाडी मी! काशीमीऱ्याच्या हॉटेलात त्या फ्रेंच डायरेक्टरबाईंनी माझी हनुवटी धरून इकडे फिरवली, तिकडे फिरवली, आणि त्यांचा असिस्टंट निकेत म्हणाला, "काका, मॅडमना तुमचा फेस एकदम पसंत! पंधरा दिवसांनी शूटिंग. बस, असेच या."

असेच या! लग्नाला बोलावतानाही म्हणतात, आहेर नको, असेच या... म्हणून जातो का आपण लेंग्यावर? सलूनमध्ये दोन तास बसलो. कटिंग, दाढी, मसाज, केसांना कलप, मिशीला कलप, भुवया उरल्या होत्या, त्यांनाही लावला! आमची बायको सुगंधा म्हणाली, "आधी वजरीनं टाचा घासा, भेगा बघा केवढ्या!" म्हटलं, टाचा कोण बघतंय? आता तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं?

खाडीवर पोचलो. बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे बघितलं. "व्हेअर इज माय ओल्ड मॅन?" मी म्हटलं, "आय ॲम!" बाई मटकन खुर्चीत बसल्या! निकेत रडवेला. "काका, ये क्या किया आपने?" मग साबण, लिंबू, रॉकेल... केस लाल झाले हो! तेवढ्यात मिठागरावरचा धाकू चालला होता डोक्यावर पाटी घेऊन, पांढरे केस, आठवड्याची दाढी, बाई ओरडल्या, "देअर!" झालं. जन्मात ज्यानं नाटक बघितलं नाही तो नावाडी! आता तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं?

घरी कुठल्या तोंडानं जाणार? अख्ख्या बिल्डिंगला सांगून निघालेलो! आठ दिवस तिथेच उन्हात उभा, लोकांनी दिलेला चहा पीत आणि अपमान गिळत. शेवटच्या दिवशी नावाडी मरतो तो सीन, आणि धाकू गायब! निकेत त्याच्या घरी गेला तर हा म्हणतो, "माजा मीठ तयार झालाय, पाऊस येल, मना टाइम न्हाय." बाईंनी डोकं धरलं... आणि त्यांची नजर माझ्यावर पडली. माझ्यावर कसली, खाली! मी चपला काढून बसलो होतो. "मॅग्निफीक!" म्हणजे फ्रेंचमध्ये झकास!

पांढरी चादर तोंडावरून, टाचा बाहेर. बावीस वर्षांचा अनुभव चादरीखाली! तरी आत मी मेल्याचा चेहरा केला हो, मनापासून केला... दिसतोय कुणाला?

वर्षानं मुंबईत सिनेमा दाखवला, बिल्डिंगमधल्या अकरा जणांना घेऊन गेलो. धाकू, धाकू, नुसता धाकू... आणि मग माझ्या टाचा, अख्ख्या पडद्याएवढ्या! मागे कुणीतरी हुंदका दिला, शपथेवर सांगतो! शेजारचे गुणवंतभाई कानात विचारतात, "आपका रोल कब आएगा?" म्हटलं, आ के गया. शेवटी पडद्यावर येतात त्या नावांत माझं नाव? धाकूचं होतं.

घरी आलो, न्हाणीघरातली वजरी उचलली आणि माळ्यावर टाकली. म्हटलं, परत कुणी बोलावलंच, तर या वेळी असेच जाऊ.