आबा, जरा आत सरका

...सरका म्हणे, सरका! ज्याला त्याला मलाच सरकवायची हौस. बसमध्ये सरका, दवाखान्यातल्या बाकड्यावर सरका, आन आता सख्ख्या नातीच्या लग्नात, गपगुमान खुर्चीवर बसलोय, तर तो धनराज डोळ्याला कॅमेरा लावून वरडतो, "आबा, जरा आत सरका!" म्हणलं, मी काय सरकणार नाय!

तुम्हाला सांगतो, कारण हाय त्याला. आत म्हणजे कुणाकडं? पुंजाकडं! माझा धाकटा भाऊ. तो मांडवाच्या त्या टोकाला, मी ह्या टोकाला, मधी सगळा गोतावळा. माझ्या वाल्मीकच्या लग्नापासनं आमचं बोलणं नाय. का? तर फोटोपायी! विंचूरला घराच्या ओट्यावर फोटो काढायचा होता, फोटोवाल्याच्या पाठीला भिंत, त्याला मागं जाता येईना, माणसं काय मावंनात... आन हा पुंजा, नवरदेवाला खेटून मधी उभा, म्हणतो कसा, "आले सगळे, काढ आता!" आले सगळे? फोटो धुऊन आला, तर नवरदेवाचा बाप कुठंय? एक कान! पोराच्या लग्नाला माझा कान तेवढा हजर!

तवापासनं आमच्यात फोटो दोनदा. बारसं असू द्या, वास्तुशांत असू द्या, एकदा पुंजाला घेऊन, एकदा मला घेऊन. कुणी काय बोलत नाय, सवय झाली समद्यांना. पण ही तेजल, वाल्मीकची पोरगी, हट्टी, माझ्यावरच गेलेली. "आबा, माझ्या लग्नात एकच फोटो. तुम्ही आन पुंजानाना एकात. नायतर मला फोटोच नको." म्हणलं, नको तर नको, मी काय सरकणार नाय! तर म्हणती, "नका सरकू. लेन्सच तशी आणू."

मंग धनराज आला घरी. माझ्या पोरीचा पोरगा, अंबडला कंपनीत मशीनवर असतो, सुट्टीच्या दिशी लग्नाचे फोटो काढतो. दोन लेन्सा भाड्यानं घेऊन आला. "आबा, चौदाची घेऊ का चोवीसची?" म्हणलं, चोवीसची घे, हात आखडू नको! तर हसतो. म्हणे, आकडा जेवढा बारका तेवढं जास्त मावतं. आता हे कुठलं माप, सांगा? जिंदगी गेली माझी विंचूरच्या मार्केटात कांद्याच्या गोण्या उचलण्यात, बारक्या गोणीत जास्त कांदा मावल्याचं मी तरी बघितलं नाय!

ती चौदाची, काचेचा डोळा असा बाहेर आलेला, बेंडकासारखा. धनराज आमच्या खोलीत कोपऱ्याला पाठ लावून उभा राह्यला, एक फोटो काढला, दाखवतो तर... अख्खी खोली! पंखा, देव्हारा, खुंटीवरचा माझा लेंगा, आन खाली धनराजच्या सोताच्या पायाचे अंगठे! नाशिक रोडची आमची एवढीशी खोली, दिसती कशी, तर लग्नाचा हॉल! "हीच घे," म्हणलं... आन मंग मनात आलं, ही काच तवा असती तर? भिंत तिथंच राह्यली असती, फोटोवाला तिथंच, पुंजाबी तिथंच. आन मी मावलो असतो.

असो! लग्नाच्या दिशी धनराजनं पहिला फोटो मारला. तेजलनं कॅमेरा आणून माझ्यापुढं धरला. आईशप्पथ! मधले सगळे नीट, आन कडेला मी, डोकं ताणलेलं, भोपळा नुसता, पोट पार शेजारच्या गावाला! त्या टोकाला पुंजाचीबी तीच गत. आन दोघंबी कलंडलेले, एकमेकाकडं! म्हणलं, मी ताठ बसलो होतो! मी कुणाकडं कलंडलो नाय! तर धनराज म्हणे, "आबा, कडेच्या माणसाला ही लेन्स ताणती, आन जरा वर धरली की आत झुकवती. म्हणून म्हणतो, आत सरका."

तेजलनं कॅमेरा तिकडं नेला, आन त्या टोकावनं आवाज आला, किती वर्षांनी, "धनराज, त्याला सांग, डोकं लय मोठं झालंय त्याचं!"

म्हणलं, "धनराज, त्याला सांग, ह्या टायमाला दोन्ही कानांसकट आलंय!"

  मंग पुंजा हळूच म्हणला, "त्याला सांग... मधी ये म्हणावं."

आता तुम्हीच सांगा, लगेच उठायचं? माणसाला काय मान हाय का नाय? मी काय सरकणार नाय!

तर तेजलनं शालू खोचला, चार भाचे बोलवले, आन मला खुर्चीसकट उचलला! तिकडनं पुंजाला उचलला! दोन म्हातारे मांडवात तरंगत, पालखीतल्या देवावाणी, आन ठेवले मधोमध, खांद्याला खांदा. ध्यानात ठेवा, मी सरकलो नाय. खुर्ची सरकली!

आन एवढं करून फोटो कसा आला? मोठा करून भिंतीला लावलाय, या बघायला. मधी आलो तर कांद्याएवढे! धनराज म्हणतो, ही लेन्स मधल्याला लांब ढकलती. कडेला भोपळा, मधी कांदा, मंग माणसानं बसावं कुठं? त्यात दोघांचे फेटे सारखे, मिशा सारख्या, आमच्या बापाचं नाक दोघांना. मी म्हणतो डावीकडचा मी. पुंजाकडं दुसरी कॉपी हाय, तो रोज संध्याकाळी फोन करून म्हणतो, "डावीकडचा मी!" "अरे मी!" "मी रे!" सून म्हणती, आबा, जेवण गार झालं. आता ह्या रविवारी पुंजा समक्षच येतोय, फोटोपुढं बसून निकाल लावू म्हणतो. येऊ दे! आमच्या खोलीत सोफा एकच, आन तोबी केवढा? मी नीट बसलो की भरला.

सरकावं लागंल.