दोरीच्या जागी घड्याळ

न्हाय न्हाय, मोठ्या आवाजाचं नको म्हणून मगाशीच सांगितलं की — तू परत तेच काढून मांडलंस. ह्याच्यावर कोंबडा हाय म्हणून काय ते तिला ऐकू येणार हाय? पलीकडच्या गल्लीतली कुत्री उठतील, आणि जिच्यासाठी घेतलंय ती घोरत पडंल. बहिरी म्हंजे बहिरी. जरा कमी ऐकू येतं, तसलं न्हाय. उशाशी फटाक्याची माळ लाव, कूस बदलायची न्हाय. कानातलं मशीन बी आणून बघितलं — ते नुसती शिट्टी मारायचं, आणि ती बी आम्हालाच ऐकू यायची. हसतोस? हस, ती बी हसली होती. आत ठेव तो कोंबडा. आणि हे लुकलुकतं दिव्याचं कशाला? तोंडावर पदर घेऊन झोपत्या ती, पोर होती तवापासनं. उजेड पडला काय आणि न्हाय पडला काय. दुसरं दाव. आणि जरा घाई कर. मी दाराकडं सारखी बघती म्हणून तू बघू नगंस — कोण न्हाय तिथं. तू तुझं काम कर.

कुणासाठी म्हंजे? हाय एक शेजारीण. शेजारीण म्हंजे — भन हाय माझी, धाकटी. रशिदा. समोरासमोर माड्या आमच्या, मधी गल्ली — गल्ली कसली, बोळ. मी इकडं भाजी निवडली की ती तिकडनं खुणा करून नावं ठेवत्या. दिवसभर खिडकीत बसून असत्या. दुपारचा डोळा मिटत न्हाय तिचा, कधी म्हंजे कधी न्हाय — कान गेले तवापासनं म्हणत्या, दिसाउजेडी झोपलं की कोण आलं, कोण गेलं, कळत न्हाय गं हुस्ना. हुस्ना म्हंजे मी. वाकळा शिवती. तुझ्या आईच्या अंगावर बी माझीच असंल, इचार घरी जाऊन. नाव काय तुझं? धैर्यशील! बाप रे. नावाला शोभंल असं ऱ्हा म्हंजे झालं. — आण ते खोकं इकडं, मला वाचता येतं. शाळंचं तोंड बघितलं न्हाय मी, पुड्याच्या कागदावर अक्षरं शिकली, पर तुमच्या शिकलेल्यापेक्षा नीट वाचती.

मग इतके दिवस कशी उठत होती? दोरीनं. व्हय, दोरीनं! तिच्या पायाच्या अंगठ्याला गाठ, दोरी खिडकीतनं बाहेर, गल्लीवरनं माझ्या खिडकीत, आणि दुसरं टोक माझ्या खाटंला. फजरच्या, पहाटंच्या नमाजाच्या वक्ताला मी उठली की एक हिसका द्यायचा. रमजानात सहेरीला, रोज्याआधी खायला, दोन हिसके — दोन म्हंजे ऊठ, चहा मी टाकलाय, तू टाकू नगंस. तिनं उलट ओढली की समजायचं, उठली बाई. पोरं मला खाला म्हणत्यात, मावशी — म्हणायची, खालांनी शेळी बांधलीया. बांधू दे. केस पिकले आमचे त्या दोरीवर, कवा चुकली न्हाय. वाकळंचा दोराच पीळ देऊन केलती मी, तुटायचं नाव न्हाय. तुटली न्हाईच ती —

कापली.

उंदरानं कुरतडली म्हणतोय तो. मला सांगतोय! जिनं हयात दोरा आणि कात्रीत घालवली तिला! उंदीर कुरतडतो तवा धागं धागं इस्कटत्यात, पिंजून निघत्यात. ही सरळ. एका घावात. सकाळी हिसका दिला आणि दोरी हलकी हलकी आली माझ्या हातात, काय म्हंजे काय वजन न्हाय. तो म्हंजे फराज. तिच्या दिराचा पोरगा, खालच्या मजल्यावर ऱ्हातो. तिला पोटचं न्हाय, हिनंच वाढवला त्याला, घास भरवून. म्हणलं, नवी बांधती. तर आठवडा झाला न्हाय, तिच्या खिडकीला काचा बसवल्या, सरकत्या, आणि त्याला बी कुलूप. डास येत्यात म्हणं, चाचीला ताप यील. काय काळजी! आणि दाराला बाहेरनं कडी. रात्रीची उठून जिन्यात पडंल म्हणून. पडली न्हाय कवा. आता तूच सांग, दोरी न्हाय, खिडकी न्हाय, दार न्हाय — मग मी तिला हाक कुठनं मारायची?

एवढी काय हाक मारायची गरज? न्हाय, तसं काय न्हाय. फजरलाच. — असं बघू नगंस माझ्याकडं. बरं, ऐक. ऐकून सोडून द्यायचं. ह्या पावसाळ्याआधी एक दिवस पहाटं हिसका दिला, तिनं उलट ओढलीच न्हाय. परत दिला. परत. मग दोन्ही हातांनी ओढली, म्हणलं अंगठा निघाला तर निघू दे. तवा कुठं ती उठली, खिडकी सताड उघडली आणि वाकून वकायला लागली — आणि बोळ वलांडून गॅसचा वास माझ्या नाकात. शेगडीचं बटन उघडं. म्हातारी इसरली, फराज म्हणाला. सगळ्यांनी माना हलवल्या. मी बी हलवली. पर आदल्या रात्री ती माझ्याकडं जेवलीती रं. माझ्या हातचं मटण, तांबडा रस्सा, मग जाऊन झोपली. शेगडीला हातच लावला न्हवता तिनं. मग बटन उघडं कसं? आं? — आणि त्याच आठवड्यात माझ्या दोरीला उंदीर लागला.

माझ्याकडं आणू तिला? तुला काय वाटतं, म्हणली न्हाय मी? खुणा करकरून हात दुखले. येत न्हाय. नवरा त्या खोलीत गेला, मी बी तिथनंच जाणार, म्हणत्या. आणि फराजचं सांगायला गेली तर माझाच हात झटकला — तुझं काळीज काळं झालंय, माझ्या पोरावर असला आळ? चार दिवस तोंड फिरवून बसली. पोलिसात जाऊन काय सांगू? दोरी कापली म्हणून? हसतील. घर तिच्या नावावर हाय, कोपऱ्यावरचं, आणि बोळ रुंद करणार म्हणून माणसं येऊन बघून, भाव सांगून जात्यात. झालं. जास्ती बोलायला लावू नगंस मला.

हां, हे! हे कसलं? चपटं, तव्यासारखं — उशीखाली ठेवायचं व्हय? मांडीवर ठेवती, दाब बघू ते बटन. — आई गं! टेम्पो चालू केल्यागत हादरतंय की! परत दाब. वा. घड्याळाचं घड्याळ, आणि हे बटन वेगळं, माझ्याजवळ ठेवायचं? बोळ वलांडून पोचंल का पर? काचा बंद असल्या तरी? शपथ घे. मग हेच. हेच मला पायजे. दोरी परत आली म्हण की! घड्याळ फळीवर ठेवायचं, सगळ्यांना दिसू दे — म्हाताऱ्या बाईचं घड्याळ, त्यात काय. ही तबकडी मी वाकळंत शिवणार, खांद्याच्या जागी, आतल्या दोन थरांच्या मधी. सेल तिच्यातच हाय न्हवं, वायरीची भानगड न्हाय. वाकळ उचलून झटकली तरी त्याला कळायचं न्हाय. आणि आता फजरची वाट बघणार न्हाय मी, रात्रीत कवाबी दाबणार. माझी झोप गेली तर जाऊ दे.

तोच घेऊन आलाय मला गाडीवरनं. फराज. रिळं आणायला जाती म्हणलं, तर खाला, बसा की, उनात कुठं चालताय — लई गोड बोलतो. खाली गाडी लावून पान खायला गेलाय. म्हणून म्हणती, बांध लवकर. घड्याळाला वेगळा कागद, आणि बटन हितं, रिळांच्या पिशवीत टाक. तबकडी ऱ्हाऊ दे माझ्या मांडीवर, पदराखाली घेती. —

आता कशाला दाबतोस? कळलं की चालतंय म्हणून. — आरं, बास. सेल संपतील त्याचं. — धैर्यशील? दाबतोयस काय, आणि बघतोयस कुठं? माझ्या मागं काय —

आलास व्हय, फराज. कवाधरनं उभा हाईस दारात?

आं? मोठ्यानं बोल. घड्याळ? माझ्यासाठी रं. माझे बी कान गेले आता, सांगितलं न्हाय कुणाला, लाज वाटती. हसतोस काय? इचार ह्या दुकानदाराला — मगाधरनं वरडून वरडून घसा बसला बिचाऱ्याचा, मला एक अक्षर कळलं न्हाय. व्हय का न्हाय रं? मान हलीव की. — हं. बघ. घे, धर ते घड्याळ हातात, बघ की, नुसतं घड्याळ हाय. पिशवी ऱ्हाऊ दे माझ्याकडं. चल, गाडी काढ.

काय? पुटपुटू नगंस, मला ऐकू — काय म्हणलास? झोपलीया? रशिदा? आत्ता, दुपारची? ती दुपारची कधी झोप—

…

हळूच म्हणलास व्हय तू ते, मला ऐकू येतंय का बघायला.