गाठ ग्रँड निघाली

...नाही, मला एक सांगा, ग्रँड म्हणजे काय? तुम्हाला सांगतो, आमच्या साताऱ्यात ग्रँड म्हणजे लग्न. घोडा, बँड, जिलबीची पंगत! आणि इथे आयर्लंडमध्ये? बस चुकली, ग्रँड. चहा सांडला, ग्रँड. इतकंच काय, माझा गळा चिरून गाठ काढली, मी अर्धवट शुद्धीवर, तर तो लालबुंद सर्जन येऊन म्हणतो, ‘द ग्लँड केम आउट ग्रँड, डॅटाट्रे!’ मी बायकोला खुणेनं जवळ बोलावलं, म्हटलं, ‘सुमित्रा, भली मोठी निघाली गं.’ ती मटकन खाली बसली. शेवटी अभिजित, आमचा मुलगा हो, सिटीवेस्ट नावाच्या इथल्या उपनगरात आम्ही त्याच्याकडेच उतरलोय, तो म्हणाला, ‘बाबा, इथे ग्रँड म्हणजे ठीकठाक.’ मग ठीकठाक म्हणायला काय धाड भरली होती?

मुळात दुखत होते गुडघे. हिचं निदान तयार, ‘कॅल्शियम कमी पडतंय.’ झालं, दूध, नाचणी, वरून साताऱ्याहून आणलेल्या गोळ्या... आणि इथे रक्त तपासलं तर कॅल्शियम एवढं जास्त, की डॉक्टरीणबाई विचारतात, ‘हे खडू वगैरे खातात का?’ अहो, मी चौतीस वर्षं गणिताचा मास्तर, खडू झिजवला, खाल्ला नाही कधी! तर गळ्यात म्हणे तांदळाएवढ्या चार ग्रंथी असतात, पॅराथायरॉइड. त्यातली एक फुगून माझ्या हाडांतलं कॅल्शियम उपसून रक्तात ओतत बसली होती.

बरं, गाठ काढली. आता कॅन्सर की साधी? दुर्बिणीखाली बघून तिथल्या तज्ज्ञांनाही सांगता येईना. मग म्हणे पेशींमधला डीएनए मोजू. साध्या पेशीत तो ठरल्या मापाचा असतो, कॅन्सरच्या पेशीत बऱ्याचदा भलत्याच मापाचा. तीन आठवडे थांबा. थांबा म्हणजे काय करा? नात मुक्ता येता-जाता म्हणते, ‘आजोबा, यू’ल बी ग्रँड.’ परत ग्रँड!

आता खरी गंमत ऐका. चौतीस वर्षं मी प्रगतिपुस्तकांवर लाल शाईनं एकच शेरा मारत आलो, ‘सर्वसाधारण’. पोरांना छडीपेक्षा तो शेरा झोंबायचा. अभिजित माझ्याच वर्गात, सातवीत, त्यालाही तोच. घरी जेवला नाही त्या दिवशी. म्हटलं, उपाशी राहा, पण सर्वसाधारण राहू नकोस. आणि तोच मी, तीन आठवडे, स्वयंपाकघरातल्या कपाटात, मुक्ताच्या भाषेत ‘प्रेस’मध्ये, डब्यांशेजारी मांडलेल्या देवांपुढे हात जोडून काय मागत होतो? देवा, माझा डीएनए सर्वसाधारण असू दे. भीती वाटत होती हो. खरंच सांगतो, फार भीती वाटत होती.

निकालाला अभिजित बरोबर आला. डॉक्टरीणबाई हसल्या. ‘नेहमीच्या मापाचा आहे. अगदी ऑर्डिनरी.’ मी विचारलं, ‘म्हणजे कॅन्सर नाही, नक्की?’ तर म्हणे, शंभर टक्के कोणीच सांगू शकत नाही, पण लक्षण चांगलं आहे. दर सहा महिन्यांनी रक्त तपासू. ‘यू’र ग्रँड.’ चौतीस वर्षांत असं अर्धवट उत्तर दिलेल्या पोराला मी बाकावर उभं केलं असतं. इथे ‘थँक यू’ म्हणून उठलो.

गाडीत बसलो. अभिजित गाडी सुरूच करेना. निकालाचा कागद स्टिअरिंगवर ठेवला, माझ्याच आवाजात, माझ्यासारखाच चष्मा खाली ओढून म्हणाला, ‘दत्तात्रय... सर्वसाधारण.’ आणि हसता हसता रडायला लागला. मीही रडलो, लपवू कशाला? उभ्या आयुष्यात एवढा चांगला शेरा मिळाला नव्हता मला.

मग त्यानं डोळे पुसले, पुढच्या तपासणीचा फॉर्म काढला, खाली सही केली. म्हटलं, ‘अरे, पेशंट मी आहे, सही मी करतो.’

तर म्हणतो, ‘प्रगतिपुस्तकावर पालकाची सही लागते, बाबा.’

मी पेन परत खिशात घातलं. म्हटलं, ग्रँड.