जोशींचा डोंगर

खरं सांगतो, मला जोशींचा फार हेवा वाटला होता. लखनौला तेलीबागेत ते आमच्या खालीच राहायचे. वेल्सला मुलाकडे जाऊन आले आणि आमच्याकडे चहा पिता पिता सांगू लागले, “वहिनी, संध्याकाळी डोंगर चढलो. मुलानं माथ्यावर यंत्र लावून उंची मोजली. तिकडे दोन हजार फूट भरले तरच डोंगर म्हणतात. वीतभर कमी भरली, म्हणून तो डोंगर ठरेना!”

आमची ही डोळे मोठे करून ऐकत होती. जोशींना दुसरा चहा न मागता मिळाला.

मी म्हणालो, “म्हणजे टेकडीच चढलात की.”

ही म्हणाली, “तुम्ही मला कधी गच्चीवर तरी नेलंत का?”

दुसऱ्या संध्याकाळी नेलं. तिचे गुडघे दुखायचे, म्हणून हात धरून, सावकाश. वर पोचल्यावर दम खात म्हणाली, “आता जोशीभाऊजींना हाक मारा ना, उंची मोजायला!”