पांढरा बॉल कुठे थांबवायचा

उन्नती: थांबा आण्णा, इतका जोर नको. बॉल पॉकेटच्या तोंडातच आहे.

आण्णा: जोर नाय लावला त जाल कसा? बघ... गेला! गेला का नाय?

उन्नती: गेला. आता पांढरा कुठे गेला ते बघा.

आण्णा: त्यो गेला तिकरं. त्याच्याशी आपल्याला काय करायचाय?

उन्नती: अहो, पुढचा फटका त्याच्यावरच मारायचाय ना? तो जाऊन बसला कोपऱ्यात, काळ्याच्या मागे. तुमचे बाकीचे सगळे बॉल या बाजूला. आता कसं मारणार?

आण्णा: वलसा घालून.

उन्नती: रिक्षा आहे का ती, वळसा घालायला?

आण्णा: हस ना गो जरा मोठ्यानं. आपल्या दोघांशिवाय कोन हाय इथं? त्यो चंदर मालक बघ, गल्ल्यावर झोपलाय.

उन्नती: आण्णा, लक्ष द्या. आधी ठरवायचं, हा बॉल आत गेल्यावर पांढरा कुठे थांबायला पाहिजे. मग ठरवायचं जोर किती. तुम्ही रोज उलटं करता. सासऱ्याला शिकवायचं म्हणजे ओरडताही येत नाही मला.

आण्णा: ओरड की. ईटभट्टी चालवली मी, बाय. तिकरं जोर लावला का काम होता. म्हातारपनी यो नाजूक धंदा शिकाला बसलोय, थोरा वेल लागल.

उन्नती: माझा लंच टाइमच तेवढा नाहीये. खाली क्लिनिकमध्ये पेशंट येऊन बसले असतील, रिसेप्शनला कुणी नाही.

आण्णा: दात दुखतो त्यो मानूस कशाला परत जातोय? बसल. यो एक पिवला मारू दे.

उन्नती: मारा. पण हळू. हा गेला की तुमचा पुढचा बॉल या अलीकडच्या बाजूला राहतो. पांढरा पुढे पळाला तर संपलं.

आण्णा: हं.

उन्नती: ...आण्णा?

आण्णा: काय गो?

उन्नती: पांढरा मागे आला.

आण्णा: आला.

उन्नती: पिवळ्याला लागला आणि सरळ मागे आला, पुढच्या बॉलच्या समोर. तुम्ही क्यूची काठी खाली मारलीत, बॉलच्या पोटात. हे मी तुम्हाला शिकवलेलं नाही.

आण्णा: तुजा बघून बघून जमला.

उन्नती: बघून नाही जमत हे. दादा उल्हासनगरला पूलचं पार्लर सांभाळायचा तेव्हा हात धरून शिकवायचा मला, तरी वर्ष गेलं. कुणी शिकवलं तुम्हाला?

आण्णा: चल चल, तुजा डाक्टर ओरडल.

उन्नती: आण्णा.

आण्णा: प्रेमनं.

उन्नती: कोण प्रेम?

आण्णा: आता तूच इचारतंस, कोन प्रेम?

(उन्नती क्यू भिंतीला टेकवून ठेवते. खाली रस्त्यावर भाजीवाल्याची हाक ऐकू येते आणि लांब जाते.)

उन्नती: तुम्ही कधी भेटलात त्यांना?

आण्णा: शुक्रवारी. अंबरनाथला कंपन्यांना शुक्रवारची सुट्टी. त्यो तिकरंच रातो, सुट्टीला येतो इथं. पयलं तू पन यायचीस शुक्रवारी, जेवनाच्या सुट्टीत. मग तू शुक्रवारचा वर येना बंद केलास. मी सुरू केला.

उन्नती: म्हणजे गुडघ्याला व्यायाम म्हणून खेळायचंय, मला शिकव, असं जे म्हणालात...

आण्णा: गुडघा दुखतो ते खरा हाय.

उन्नती: आणि बाकी?

आण्णा: बस जरा. बस त्या बाकावर. गनपतीच्या आधी तू घराची चावी इसरली होतीस, आठवतो? तुजी सासू कीर्तनाला जानार, घर बंद. मी चावी द्यायला आलो. खाली तू नव्हतीस, म्हनून जिना चढलो. अर्ध्या जिन्यावरना बघितला, तू या टेबलाला टेकून हसत होतीस. त्यो प्रेम कायतरी बोलला असल. तोंडावर हात नाय, काय नाय, मोठ्यानं हसत होतीस. आपला भावेश गेल्यापासना तुजा त्यो आवाज मी आयकला नव्हता.

उन्नती: मग वर का नाही आलात?

आण्णा: मी वर आलो असतो त तू गप झाली असतीस. चावी तुज्या टेबलावर ठेवली न गेलो गावात परत. चालत गेलो. रिक्षा करायचा पन सुचला नाय.

उन्नती: आण्णा, तसं काही नव्हतं. खरंच सांगते. खेळायचो फक्त. भावेश गेल्यावर मी क्यूला हात लावला नव्हता, कारण आम्ही भेटलो तेच टेबलावर, तुम्हाला माहितीय. मग क्लिनिकच्या वर हे पार्लर उघडलं. बॉलचा आवाज यायचा खाली दिवसभर. एक दिवस आले वर. प्रेम होते. चांगले खेळतात, बोलतात कमी.

आण्णा: आन मग त्यानं इचारला.

उन्नती: त्यांनी सांगितलं तुम्हाला?

आण्णा: त्यो कशाला सांगल? मी इचारला. गनपती झाल्यावर तू घरात डबं घासत बसलीस. घासलेलं डबं परत घासलंस. शुक्रवारी वर जाईना झालीस. मना कलला, कायतरी झालाय. मग मी इथं आलो न त्याला सरल बोल्लो, मी उन्नतीचा सासरा, तू माज्या सुनेला काय बोल्लास?

उन्नती: बाप रे. मग?

आण्णा: हातातला क्यूचा खडू खाली ठेवला त्यानं. बोलला, मी लग्नाचं विचारलं होतं. त्या नाही म्हणाल्या. मी परत विचारणार नाही, तुम्ही निर्धास्त राहा. मग बोलला, काका, तुम्ही जिना चढून आलात, पाणी देऊ?

उन्नती: असेच आहेत ते.

आण्णा: मना राग करायचा होता गो. पानी पिल्यावर जमला नाय. मग बोल्लो, मना यो खेल शिकव. बघू त खरा, मानूस कसा हाय.

उन्नती: आणि मी? मला एका शब्दाने विचारलं नाहीत. माझ्या पाठीमागे त्यांना पारखत बसलात. म्हणजे मी जावं असं ठरवलंच ना तुम्ही?

आण्णा: काय बोलतंस?

उन्नती: तसंच आहे हे. सून नको झाली आता घरात.

आण्णा: बाय, एक सांगतो, राग धरू नको. आमच्या घरात तू आवाज न करता चालतंस. भांडी ठेवतंस, आवाज नाय. कपाट लावतंस, आवाज नाय. तुजी सासू बोलली मना, या पोरीला आपल्या घरात शिंकाला पन परवानगी लागते काय? आमी नाय गो असा केला. भावेशचा जाना तुज्यावर बसलाय. आमच्यावर पन बसलाय, पन आमचा आता किती उरलाय? तुजा अख्खा आयुष्य हाय पुढं.

उन्नती: आईंना... माहितीय हे?

आण्णा: सांगितला.

उन्नती: काय म्हणाल्या?

आण्णा: खोटा कशाला बोलू? पयलं दोन दिवस मना चाय नाय दिला. बोलली, पोरगा गेला, आता सून देतोस, नात देतोस, मग मी कुनाचा डबा भरू? मग तिसऱ्या दिशी भाकऱ्या थापता थापता बोलली, त्यो पोरगा जेवतो कुठं?

उन्नती: आई असं बोलल्या?

आण्णा: बोल्लो, आई वारली त्याची, खानावलीत जेवतो. त तिनं चाय दिला.

उन्नती: मला भीती वाटते आण्णा. राजसीला काय सांगू? तिला तिचे बाबा फक्त फोटोतले माहितीयत. तुमच्या मांडीवरच वाढली ती. आणि गावातले लोक? आपल्या आळीत काय बोलतील?

आण्णा: बोलतील. आलीत लोकांना काम काय दुसरा? राजसी तुजी हाय, तू जाशील तिकरं यील. आन अंबरनाथ काय दुबईला हाय काय? मी रिक्षानं यीन. माजी आजपन ईटभट्टीची सवय हाय, पहाटं उठतो, तिच्या शाळंच्या आधी दारात हजर.

उन्नती: तुम्हाला कसं कळलं पण, माणूस चांगला आहे? शुक्रवारी दोन गेम खेळून कळतं?

आण्णा: ते सांगायचाच र्‍हायला. मागच्या महिन्यात चंदरनं जोड्यांचा खेल ठेवला होता. एक फटका एकानं मारायचा, पुढचा दुसऱ्यानं. तुला म्हाईत हाय.

उन्नती: हो. जोडीदारासाठी पांढरा ठेवायचा असतो त्यात. अवघड असतं.

आण्णा: मी न प्रेम जोडी. समोर कालेजची दोन पोरं, वाघासारखी. माजा गुडघा असा, खांदा असा. टेबलावर पोट टेकवून लांबचा बॉल मारायचा झाला त मी मारूच शकत नाय. त्याला मी कदी सांगितला नव्हता. सांगाला लाज वाटते ना. पन त्या पुऱ्या गेममध्ये बाय, माजी पाली आली का पांढरा माज्या बाजूला. कडंला. हात घातला का पोचल असा. एकदा त त्याचा सोपा बॉल होता, डोले मिटून गेला असता, पन मग पांढरा गेला असता मधोमध. त्यानं त्यो बॉल सोरला. दुसराच मारला, वाईट कोनाचा. कसाबसा गेला, पन पांढरा थांबला माज्या पुढ्यात.

उन्नती: सोपा बॉल सोडला?

आण्णा: सोरला. ती पोरं हसली पन. अंकल, क्या पार्टनर लाया है. त्यानं मान वर केली नाय.

उन्नती: जिंकलात?

आण्णा: हरलाव. चांगलं हरलाव. घरी जाताना इचार केला तवा कलला, अख्ख्या खेलात मना एकदाबी वाकाला लागला नव्हता. त्यानं सांगितला नाय, मी मागितला नाय. भावेश माजा पोरगा, जीव होता माजा. पन त्याच्यासंग खेललो असतो ना, त त्यानं यो सोपा बॉल मारला असता न जिंकला असता. त्यो तसा होता. मना आवडायचा त्यो तसा.

उन्नती: मलाही.

आण्णा: म्हाईत हाय गो. त्याला इसर असा कोन बोलतोय?

उन्नती: मी नाही म्हटलं तेव्हा ते फक्त, ठीक आहे म्हणाले. आणि मी जिना उतरेपर्यंत वरून एकही बॉल वाजला नाही. मला वाटलं होतं खेळत बसतील.

आण्णा: तुला पायजे काय, बाय? आमचा सोर. राजसीचा पन घटकाभर सोर.

उन्नती: मला... परत इथे यायचंय शुक्रवारी. एवढं माहितीय मला. त्याच्या पुढचं अजून नाही दिसत.

आण्णा: तेवढा पुष्कल झाला.

उन्नती: पण आता काय सांगणार त्यांना? ते परत विचारणार नाहीत म्हणाले ना.

आण्णा: मी त्याला आज हाफ डे टाकाला लावलाय.

उन्नती: आण्णा!

आण्णा: जिन्यावर पाय वाजला बघ. मी जातो. राजसीची शाला सुटल.

उन्नती: शाळा सुटायला तास आहे अजून.

आण्णा: मी हलू चालतो. ...ये रे ये, प्रेम. सावकाश. मी निघालोच होतो.

प्रेम: आण्णा, तुम्ही बोललात अर्जंट आहे. मी बाइक तशीच पिटाळत आलो. गुडघा बरा आहे ना?

आण्णा: गुडघा चांगला हाय. अर्जंट तिकरं बसलीय. येतो मी.

प्रेम: ...सॉरी. मला खरंच माहीत नव्हतं तुम्ही वर असाल म्हणून. मी जातो.

उन्नती: थांबा ना. हाफ डे गेलाच तुमचा.

प्रेम: त्याचं काय नाय. कंपनी मेरे बिना भी चलती है.

उन्नती: आण्णांना स्क्रू शिकवलात तुम्ही, पांढरा मागे आणायचा.

प्रेम: त्यांनीच शिकून घेतला. एकदम जिद्दी आहेत. रागावलात का? मी त्यांना बोललो होतो, तुम्हाला सांगा म्हणून.

उन्नती: रागावले होते. थोड्या वेळापूर्वी. तुम्ही आण्णांना सांगितलंत, परत विचारणार नाही.

प्रेम: हो. एकदा तुम्ही उत्तर दिलंत. परत परत विचारणं म्हणजे त्रास देणं झालं.

उन्नती: मग मलाच बोलावं लागेल.

प्रेम: बोला ना. सावकाश बोला.

उन्नती: लगेच हो नाही म्हणू शकत मी. मला वेळ लागेल, किती ते माहीत नाही. पण रविवारी आमच्याकडे जेवायला या. बदलापूर गावात, देवळाच्या मागे. आई असतील, आण्णा असतील. राजसी खूप प्रश्न विचारते.

प्रेम: येतो.

उन्नती: एक आधीच सांगते. समोरच भावेशचा मोठा फोटो आहे. आई तो काढणार नाहीत. मीही नाही काढणार. तुम्हाला अवघड वाटेल.

प्रेम: काढायचा कशाला? राजसी एकदा आण्णांबरोबर आली होती इथे. डोळे तुमचेच आहेत. पण ती हसते कुणासारखी, ते मला कळलं नव्हतं. रविवारी फोटोत बघेन.