दीप्तीबेन, ऊभा रहो

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या लिंबायतच्या आरोग्य केंद्राचे विश्वस्त, आदरणीय हितेशभाई. धुळ्याहून मुद्दाम वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे दिलीप बोरसे सर. ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो त्या सत्कारमूर्ती दीप्तीबेन. सूत्रसंचालन करणाऱ्या जयश्रीताई. कंबर, गुडघे, मान आणि खांदे सांभाळत समोर बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो. आणि तिसऱ्या रांगेतल्या सौ. मीराबाई, ज्यांचं नाव वेगळं घेतलं नाही तर घरी गेल्यावर भाषण मला ऐकावं लागेल, तुम्हां सर्वांना नमस्कार.

सगळ्यात आधी उशिराबद्दल माफी मागतो. पत्रिकेत माझं नाव वर होतं. पण मीच जयश्रीताईंना म्हणत गेलो, आधी यांना बोलू द्या, मग त्यांना बोलू द्या. आता बोलणारं कोणी उरलंच नाही. बाहेर आपला सुरती लोचो वाफवून तयार आहे, वास इथपर्यंत येतोय, त्यामुळे तुमचं लक्ष कुठं आहे ते मला कळतंय.

जयश्रीताई, एक काम करा. ती खुर्ची माझ्या मागं ठेवा. बसायला नको, नुसती असू द्या. खुर्ची मागं आहे म्हटलं की मला धीर येतो. ठेवली? हलत नाही ना? आणि या माइकला शॉक बिक लागत नाही ना? बरं.

आता मी इथं नुसतं कौतुक करायला उभा नाही, हे पाहुण्यांना सांगायला हवं. मला एका प्रश्नाचं उत्तर द्यायचंय. आपल्याकडून व्यायाम करून घेणाऱ्या दीप्तीबेन भरूचच्या मोठ्या दवाखान्यात चालल्या. त्यांच्या जागी दुसऱ्या बेन अजून मिळालेल्या नाहीत. हितेशभाई म्हणाले, तोवर सकाळचा व्यायामाचा वर्ग बंद ठेवू, खोलीला कुलूप लावू. दीप्तीबेन म्हणाल्या, कुलूप कशाला? रोजचे सोपे व्यायाम सगळ्यांना येतात, अवघड काही करायचं नाही, कोणीतरी खोली उघडून सुरुवात करून दिली की झालं. कोणी, असं हितेशभाईंनी विचारलं. तर बेननी माझं नाव घेतलं.

हसू नका. मीही हसलो नव्हतो. त्या दिवसापासून मला जेवण गोड लागत नाही. कोणी पडलं तर? कोणाचा पाय मुरगळला तर? चावी हरवली तर? हो की नाही ते आज या माइकवरून सांगायचं कबूल केलंय. खरं सांगतो, अजून ठरलेलं नाही. बोलता बोलता ठरवतो.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. सगळी उमर लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, उभं राहण्यात गेली. मग कमरेनं धरलं. एका डॉक्टरनं फोटो उजेडासमोर धरला आणि म्हणाला, ‘काका, मणकामां घसारो छे.’ एवढं बोलून त्यानं पुढच्याला आत बोलावलं. तो बिचारा विसरूनही गेला असेल, पण घसारा हा शब्द मी रिक्षात बसवून घरी आणला.

घसारा म्हणजे काय, तुम्हीच सांगा. साबण घासला की संपतो. चप्पल घासली की टाच रस्त्याला लागते. मग मी डोकं चालवलं. पाठ जेवढी वापरावी तेवढी घासणार, त्यापेक्षा न वापरलेली बरी. आमच्या मीराबाईंची एक जरीची साडी आहे. लग्नात नेसायला म्हणून ठेवली आहे. दोन्ही मुलांची लग्नं झाली, साडी कपाटातच आहे. तशी मी माझी कंबर ठेवली. खाटेवर, घडी घालून.

मीराबाई म्हणायच्या, ‘तुमले काय व्हयनं? आते उठा.’

मी म्हणायचो, ‘मना मणका घसाई जाई.’

‘आणि मना जीव घसाई राहिना तो?’

मग मी कूस बदलायचो. तीही हळूच, घासू नये म्हणून.

गंमत बघा, एवढी जपलेली कंबर जास्तच दुखायला लागली. आधी बाजार सुटला, मग ओटा सुटला, मग खाटेवरून मोरीपर्यंत जायला एका हाताला भिंत आणि दुसऱ्या हाताला मीराबाईंचा खांदा लागायला लागला. आमचे शेजारी बन्सीलाल, ते बघा दुसऱ्या रांगेत दात दाखवतायत, त्यांचा गुडघा दीप्तीबेनकडे चालू होता. त्यांनी एक दिवस मला न विचारता रिक्षा दारात उभी केली. मी म्हटलं, बन्सीलाल, लिंबायतच्या रस्त्यांचे धक्के माझ्या मणक्याला सोसायचे नाहीत. ते म्हणाले, ‘भिकन आप्पा, तुझ्या तोंडाला काही होत नाही ना? मग चल.’

आता धुळ्याच्या पाहुण्यांसाठी सांगतो. दीप्तीबेन पक्क्या सुरती. तेव्हा त्यांना मराठी येत नव्हती, आणि मला गुजराती येते असा माझा समज होता. पहिल्याच दिवशी त्या मला बसवून म्हणाल्या, ‘काका, डोक फेरवो.’

मी म्हटलं, ‘बेन, ते फिरलेलंच आहे. घरी विचारा.’

त्या म्हणाल्या, ‘ना ना, धीमे धीमे फेरवो.’

म्हणजे हळूहळू वेडा व्हा. मी बन्सीलालकडं बघितलं. हा माणूस सगळं जाणून होता, आणि तोंडाला रुमाल लावून बसला होता. शेवटी बेननी माझी मान हातात धरून उजवीकडं वळवली, तेव्हा मला कळलं की गुजरातीत डोक म्हणजे मान. इतकी वर्षं सुरतेत राहून मला भाव करता येतो, भांडता येतं, पण मान कुठं असते ते माहीत नव्हतं. लूमवर मानेचं कोणी नाव काढत नाही.

घसाऱ्याची गोष्ट मी त्यांना सांगितली. साबणाचीही सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, ‘काका, हाडकुं साबु नथी.’ हाड म्हणजे साबण नव्हे. म्हणाल्या, या वयात प्रत्येकाच्या फोटोत घसारा दिसतो, बन्सीकाकांच्याही दिसेल. दुखतंय ते खरं आहे, पण दुखतंय म्हणजे मोडतंय असं नाही. आणि तुम्ही पडून राहिलात म्हणून पाठ आळशी झाली आहे. आळशी हा शब्द ऐकून मीराबाई त्यांच्या पाया पडायच्याच बाकी होत्या.

पण मला पटलं नव्हतं. मी आत व्यायाम करायचो तो टेबलाला धरून, आणि उठायचं झालं की मीराबाईंना हाक.

मग तो दिवस आला. मी बाकावर बसलो होतो. मीराबाई बाहेर बायकांशी बोलत होत्या. पलीकडच्या खोलीतून बन्सीलाल ओरडले, म्हणजे त्यांचा गुडघा. बेन तिकडं धावल्या आणि जाता जाता मला म्हणाल्या, ‘काका, ऊभा रहो, हुं आवुं छुं.’

आता माझ्यावर काय प्रसंग आला ते बघा. बेन सांगून गेल्या, उभे राहा, मी येते. भिंत लांब, मीराबाई बाहेर. हाक मारली तर बेन म्हणतील, एवढंही जमत नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी बाकाच्या कडेला हात टेकले, बेननी शिकवलं होतं तसं पाय मागं घेतले, पुढं झुकलो, श्वास सोडला आणि उठलो. कमरेनं आवाज दिला. मी तिला म्हटलं, बाई, बेनचा हुकूम आहे, माझा नाही. आणि मी खोलीच्या मधोमध उभा राहिलो. कशालाही न धरता.

बेन परत आल्या आणि दारातच थबकल्या. ‘काका, कोणे ऊभा कर्या?’ कोणी उभं केलं तुम्हाला?

मी म्हटलं, ‘तुम्हीच तर सांगून गेलात.’

त्या भिंतीला टेकून हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग सांगितलं की गुजरातीत ‘ऊभा रहो’ म्हणजे थांबा. नुसतं थांबा. रिक्षावाल्याला म्हणतो ना आपण, ऊभा रहो, तसं.

मी रोज रिक्षावाल्याला तेच म्हणत आलोय. पण त्या वेळी माझं मराठी आधी जागं झालं, त्याला मी काय करू?

आणि खरी गंमत पुढं आहे. मला उठायला कोणी सांगितलंच नव्हतं हे कळलं, त्या क्षणी माझी कंबर दुखायला लागली. तोवर बरी होती. मी म्हटलं, ‘बेन, खुर्ची द्या.’ बेननी खुर्ची उचलली आणि लांब नेऊन ठेवली. म्हणाल्या, ‘हवे ऊभा ज छो, तो चालो.’ आता उभेच आहात, तर चाला.

मी चाललो. दारापर्यंत. बाहेर मीराबाईंनी मला एकट्याला येताना बघितलं आणि पहिला शब्द काय काढला असेल? ‘चप्पल घाला ना.’

त्या दिवसापासून माझ्या घरचे हाल विचारू नका. कंबर दुखते हे कारण घरात चालेनासं झालं. दूध मी आणायचं, कोथिंबीर मी आणायची. शेंगदाणे निवडायचे ते ओट्याशी उभं राहून. विरोध केला की मीराबाई बेनना फोन लावायच्या. दोघींच्या दोन भाषा, पण माझी तक्रार करताना एकमेकींचं सगळं समजायचं.

एकदा मी चुकलोही. बन्सीलाल म्हणाले, मी नीलगिरी सर्कलपर्यंत जाऊन आलो. मी म्हटलं, मी त्याच्या पुढं जातो. गेलो. येताना रिक्षा केली आणि मग दोन दिवस पुन्हा खाट. मी बेनना म्हटलं, बघा, घसारा. त्या म्हणाल्या, घसारो नहीं, बन्सीकाका. मग समजावलं, चांगल्या दिवशी अंगात येऊ देऊ नका, वाईट दिवशी अगदी बंद पडू नका. चांगल्या दिवशी थोडं राखून करा, वाईट दिवशी थोडं तरी करा. नंतर कळलं की बन्सीलाल नीलगिरीपर्यंत गेले होते ते मुलाच्या मोटारसायकलवर.

हे मला आधीच कळायला पाहिजे होतं. लूमवर तार, म्हणजे धागा, तुटली की लूम थांबतो. कारीगर काय करतो? गाठ मारतो आणि पुन्हा चालू करतो. दिवसभरात किती तारा तुटतात, कोणी मोजत नाही. तार तुटली म्हणून लूमवर चादर घालून गावी निघून गेलेला कारीगर तुम्ही बघितलाय? मी तो कारीगर होतो.

माझं दुखणं गेलंय का? नाही. पाहुण्यांचा गैरसमज नको. आताही दुखतंय, डाव्या बाजूला, खाली. पण आता ते दुखत असताना मी कोथिंबीर आणतो.

हितेशभाई घड्याळ बघतायत. मुद्द्यावर येतो.

मी बेनना विचारलं होतं, वर्गासाठी माझंच नाव का? किसन आहे, सोमा आहे, सगळे माझ्यापेक्षा धीट. बेन म्हणाल्या, ‘काका बीए छे, एटले कोईने पडवा नहीं दे.’ काका घाबरतात, म्हणून कोणाला पडू देणार नाहीत. माझ्या घाबरटपणाची आजवर सगळ्यांनी थट्टा केली. त्याला कामाला लावायचं कोणाला सुचलं नव्हतं.

तरी पण मला वाटतं, वय झालंय, उभं राहवत नाही फार वेळ, उगाच जबाबदारी घेऊन... थांबा, जरा बसून बोलतो. उत्तर बसूनच द्यावं.

खुर्ची कुठं गेली?

जयश्रीताई? इथं होती. बन्सीलाल, तुम्ही हसू नका, तुम्ही खाली बसलाय, तुम्ही नेलेली नाही. दीप्तीबेन? तुम्ही? कधी? साबणाच्या वेळी?

म्हणजे साबणापासून आतापर्यंत माझ्या मागं काहीच नव्हतं.

बरं. मग आता नाही कुठल्या तोंडानं म्हणू? हितेशभाई, चावी द्या. दोन चाव्या द्या, एक मीराबाईंकडं राहील. वर्ग सकाळी रोजच्या वेळेला. बन्सीलाल, मोटारसायकलवर यायचं नाही.

आणि दीप्तीबेन, तुम्हाला एकच शब्द सांगायचा होता, तुमच्याच भाषेतला. तेवढ्यासाठी एवढं बोललो. दीप्तीबेन, ऊभा रहो.

अहो, उठलात कशाला? बसा, बसा. इतकं मराठी शिकलात की आता आमच्यासारख्याच फसायला लागलात. मी गुजरातीत म्हणालो. थांबा, असं म्हणालो.

थांबणार नाही, माहीत आहे. तुमची प्रगती आहे, जायलाच पाहिजे. मग एवढं करा, भरूचला पोहोचलात की लगेच कळवा. फोन मीराबाईंच्या नंबरवर करा, माझा मला उचलता येत नाही वेळेवर. उशीर केलात तर मी काय काय विचार करत बसेन ते तुम्हाला ठाऊक आहे.

अध्यक्षांनी आणि पाहुण्यांनी एवढा वेळ ऐकून घेतलं, त्यांचे उपकार आहेत. कोणाचं नाव राहिलं असेल, कोणाला शब्द लागला असेल, तर थोड्या शिकलेल्या म्हाताऱ्याची चूक म्हणून पोटात घाला. बन्सीलालना जो लागला असेल तो मुद्दाम होता.

आता तरी खुर्ची द्या, बेन.

नाही?

बरं. उभाच आहे, तर चालतो.