गुडघ्याचे दोन टोले

धाकटा : ...आणि आठवडाभर मी ताईंच्या गॅरेजातून ही मोटरसायकल नेऊन तिच्या साइडकारमध्ये पिठाचं पोतं बसवून फिरलोय. हेल्मेट घालून. पोत्यानं एकदाही तक्रार केली नाही.

दादा : गुणी पोतं आहे. त्यालाच भाऊ कर.

धाकटा : दादा, चेष्टा नको. एका पायानं तू आत कसा उतरशील, कसा बसशील, सगळं मापून ठेवलंय मी. गादी लावलीय, पुढे काचही लावलीय.

दादा : हे कडेला कुरतडल्यासारखं काय आहे?

मेकॅनिकबाई : आधीच्या मालकाचा कुत्रा बसायचा त्यात. जाड झाला. मावेना, म्हणून माझ्याकडे विकायला आलीय.

दादा : म्हणजे कुत्र्याला नको झालेली जागा मला.

मेकॅनिकबाई : कुत्रा रडला हो सोडताना. आता ही तीनचाकी बघा. मागे दोन चाकं, पडायचा प्रश्न नाही. डाव्या पायाचा गिअर काढून हाताशी आणलाय. ब्रेक उजव्या पायाला, तो आहेच तुमच्याकडे. मागे एक माणूस बसेल, आणि तुमच्या धंद्याची काच उभी करायला खाचा दिल्यात.

धाकटा : ताई, तीनचाकी नको म्हटलं ना. त्यानं कशाला चालवायचं? मी आहे की. जन्मभर मी चालवीन, तो बसेल.

दादा : जन्मभर पोतं.

धाकटा : तसं नाही रे.

दादा : मग कसं? पाय गेल्यापासून तेरा महिने बघतोय. पाणी मागायच्या आत पेला हजर. तुझी वहिनी म्हणते, याला आता पगारी गडी करून घ्या. परवा पँटला इस्त्री केलीस, ती दोन्ही पायांना. कडक घडी घालून. डाव्या पायात काय घालू, दुधी भोपळा?

धाकटा : हाताला सवय आहे.

मेकॅनिकबाई : तुम्ही दोघं ठरवा. मी तोवर चेनला तेल घालते. कान माझे इथेच राहतील, त्याला इलाज नाही.

धाकटा : दादा, एक सांगायचंय.

दादा : सांग.

धाकटा : अपघाताच्या दिवशीचं. कपाटाच्या काचेची खेप नेत होतो.

मेकॅनिकबाई : आणि साध्या मोटरसायकलवर ती धरायचात कशी?

दादा : वीस वर्षं तसंच नेतो आम्ही. काच दोघांच्या मधे उभी. मागच्याचे दोन्ही हात काचेला, हेल्मेटमध्ये ओरडलेलं ऐकू येत नाही. म्हणून गुडघा. एक टोला म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब. टोले द्यायला माझा डावा गुडघा होता.

मेकॅनिकबाई : आणि नेमका तोच...

दादा : हो. साक्षीदारच गेला.

धाकटा : चौकात तू दोन टोले दिलेस. मी हॉस्पिटलात सगळ्यांना सांगितलं, जाणवलेच नाहीत. वहिनीला, आईला, त्या पट्ट्या बदलणाऱ्या बाईलासुद्धा, तिनं विचारलं नव्हतं तरी.

दादा : हं.

धाकटा : जाणवले होते. दोन्ही. सकाळी तू गिऱ्हाइकासमोर म्हणालास, हा काच कापतो की कलिंगड. मला राग होता. म्हटलं, मारू दे तिसरा, मग थांबतो.

(तेलाचा डबा खाली ठेवल्याचा आवाज.)

धाकटा : तिसरा आला नाही. टेम्पो आला.

दादा : माहीत आहे.

धाकटा : काय माहीत आहे?

दादा : जाणवले होते ते. दुसऱ्या टोल्याला तू ओठ चावलास. हँडलच्या आरशात तुझं तोंड दिसायचं मला.

धाकटा : मधे काच होती!

दादा : काचच होती ना, भिंत नव्हती.

धाकटा : मग बोलला का नाहीस? तेरा महिने! मला झोप नाही, दादा. मी पोत्याला सांगितलं सगळं. हेल्मेट काढून.

दादा : पोतं काय म्हणालं?

धाकटा : दादा!

दादा : अरे, बोलायला मला तोंड हवं ना. मला समोरून टेम्पो दिसत होता. तिसरा टोला द्यायला कितीसा वेळ लागतो? पण म्हटलं, दोन म्हणजे थांब, हे ठरलंय. मी का वाकू? गुडघा उचलला होता मी. तसाच धरून ठेवला. टेम्पोनं तिथेच गाठला त्याला. तू पँटला इस्त्री करायचास आणि मी गप्प घालायचो. मला वाटायचं, याला माझं कळलंय, म्हणून मुद्दाम दोन्ही पायांना करतोय.

मेकॅनिकबाई : हे बघा, मी दोन्ही गाड्या विकते. पण साइडकारमध्ये शेजारी बसून दोघं रोज एकमेकांकडे बघत राहाल. मला नाही वाटत ते झेपेल.

दादा : तीनचाकी काढा.

धाकटा : आणि मी?

दादा : तू मागे. काच धरून.

धाकटा : आरशात माझं तोंड दिसेल तुला.

दादा : दिसू दे. मी रोजच बघत होतो. तू कधी माझं बघितलं नाहीस.

मेकॅनिकबाई : बसून बघा. गिअर जड वाटला तर सैल करते. हं, मागचे, तुम्हीही बसा.

धाकटा : दादा... समज, मी दोन टोले दिले, आणि तू माझ्यावर रागावलेला असलास तर?

दादा : तर तिसरा मार.